पतसंस्थेच्या स्टोरेजचे सगळे व्हॉल्यूम डीआरसाठी एकाच ग्रुपमध्ये ठेवावेत का?

सगळे एकात नकोत, आणि प्रत्येकाला वेगळा ग्रुप तर अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या सौहार्द संस्थेचा मुख्य सर्व्हर तुमच्या ताब्यात आहे, डीआर (मुख्य सर्व्हर बंद पडला तर काम चालवायची दुसऱ्या गावातली यंत्रणा) कोल्हापूरला करायचा विचार आहे, आणि स्टोरेज बसवणाऱ्यानं वेगवान एसएसडीवरचे व्हॉल्यूम (स्टोरेजचे कप्पे) एका ग्रुपमध्ये, साध्या डिस्कवरचे दुसऱ्यात असं करून दिलंय. ती वाटणी आधी मोडा. डिस्क कुठली, याच्याशी रेप्लिकेशनच्या, म्हणजे इकडचे बदल पलीकडच्या प्रतीत उतरवण्याच्या, ग्रुपला देणंघेणं नाही. कुठला डेटा कुणावाचून निरुपयोगी ठरतो, तेवढं बघायचं.

डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग सवडीनं डेटा फाइलमध्ये. आधी रोजकीर्द, मग खतावणी, तसंच. तुमचा लॉग एसएसडीवर आणि डेटा साध्या डिस्कवर, म्हणजे दोघे दोन ग्रुपमध्ये गेले. समजा दुपारी लाइन तुटली आणि पलीकडे डेटाची प्रत २:१० ची, लॉगची २:०५ ची राहिली. खतावणीत नोंदी आहेत, कीर्दीची पानंच नाहीत! असा डेटाबेस बहुतेक वेळा उघडतच नाही. जबरदस्तीनं उघडला तर अर्धवट व्यवहार मागे घ्यायला आधार उरत नाही. दोन्ही एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये असले की लिहिण्याचा क्रम टिकतो आणि सगळे व्हॉल्यूम एकाच क्षणावर थांबतात. मग अचानक लाइट गेल्यावर डेटाबेस जसा स्वतःला सावरतो, तसा तिकडेही सावरतो.

म्हणून ठेवी-कर्जाचा डेटाबेस, त्याचा लॉग आणि पिग्मीचं कलेक्शन ज्यात उतरतं तो व्हॉल्यूम, हा तुमचा पहिला ग्रुप. सह्यांचे आणि फोटोंचे स्कॅन दुसऱ्यात, ते तासाभरानं गेले तरी चालतात. पगारपत्रक, पत्रव्यवहार वगैरे तिसऱ्यात, रात्री एकदा. सगळं एकत्र कोंबलं तर एका दिवशी कुणीतरी हजारो स्कॅन चढवणार आणि त्यांच्यामागे तुमचे व्यवहारही रांगेत उभे राहणार. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा असेल तर टेम्पडीबी (त्याचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवून रेप्लिकेशनमधून वगळा. तो दर वेळी सुरू होताना नव्यानं बनतो. फक्त तेवढा ड्राइव्ह पलीकडे तयार ठेवा.

आता कोल्हापूर. मला हा बेत पटत नाही. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूरची पंचगंगा आणि निपाणीजवळची वेदगंगा एकाच पावसात चढल्या, महामार्ग बंद पडला. ज्या पुरात निपाणी अडकते त्याच पुरात कोल्हापूर अडकतं, मग डीआर कशाला? हुबळी बघा. रस्त्यानं साधारण १७० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान पावणेदोन मिलिसेकंद, प्रत्यक्षात जास्तच. प्रत्येक एंट्रीला एवढं थांबायचं नसेल तर असिंक्रोनस (पलीकडून पोच येण्याची वाट न बघणारं) रेप्लिकेशन घ्या आणि पाच-दहा मिनिटांचा डेटा जाऊ शकतो हे संचालक मंडळाकडून लेखी मान्य करून घ्या. तोंडी नको.

१० एमबीपीएसच्या लाइनवर तासाला जेमतेम साडेचार जीबी जातात. त्यामुळे पहिली १ टीबीची प्रत लाइनवर पाठवलीत तर नऊ दिवसांहून जास्त लागतील. ती एन्क्रिप्ट करून डिस्कवर भरा आणि गाडीनं न्या, पुढचे बदल लाइनवर जाऊ देत.

चाचणी रविवारी घ्या, मार्चअखेर सोडून. डीआरची प्रत उघडताना तिचं नेटवर्क तोडलेलं हवं. नाहीतर तिकडचं सॉफ्टवेअर जागं होऊन सभासदांना एसएमएस पाठवत सुटतं आणि सोमवारी काउंटरवर गर्दी! ग्रुप अख्खा उचलायचा, एखादा व्हॉल्यूम नव्हे. आणि हुबळीहून निपाणीला परत यायची उलटी वाटही त्याच दिवशी तपासा, बहुतेक जण तिथवर जातच नाहीत.

शेवटी तुम्ही विचारलंय की डीआर झाल्यावर रोजचा बॅकअप बंद करावा का. नाही. कुणी टेबल पुसलं किंवा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं, तर रेप्लिकेशन तेही इमानेइतबारे पलीकडे पोचवतं. नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप चालू राहू दे.