रंग सगळ्यात शेवटी बघ

चि. सर्पवेड्यास,
अनेक आशीर्वाद.

बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान अजगर, पाळायला घ्यायचा म्हणून तू पाठवलेले फोटो पाहिले. पिवळाधमक ‘बनाना’ देखणा आहे, वादच नाही. पण तिकडे अमेरिकेत, आर्लिंग्टनच्या साप-सरड्यांच्या प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या डब्यांसमोर उभा राहशील, तेव्हा रंगाचा विचार सगळ्यात शेवटी कर. बॉल पायथन नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने तर २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, कित्येक वर्षं नराशी गाठ नसताना अंडी घातली! तेव्हा तुझं लग्न, नोकऱ्या, घरं बदलणं, सगळ्यात हा सोबत असणार.

पैशाचं आधी सांगतो. घाना, टोगो, बेनिनकडून आलेल्या या सापाचा अल्बिनो १९९२ मध्ये अमेरिकेत बंदिवासात पैदा झाला आणि मॉर्फचं, म्हणजे जनुकामुळे वेगळा रंग किंवा नक्षी आलेल्या सापांचं, वेड सुरू झालं. त्या काळात नव्या मॉर्फला मोटारीएवढा भाव यायचा. त्यातले कितीतरी आज शेदोनशे डॉलरला मिळतात. साप पैदा करत राहिले की भाव पडणारच. ‘गुंतवणूक’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर सरळ पुढे हो.

खरी मेख ‘हेट’मध्ये, म्हणजे मॉर्फचा जनुक अंगात असूनही तो न दिसणाऱ्या वाहक सापात, आहे. पायबाल्ड, क्लाउन, अल्बिनो हे मॉर्फ रिसेसिव्ह, म्हणजे जनुकाच्या दोन प्रती असल्या तरच दिसणारे. जनुकाची एकच प्रत असेल तर साप साधाच दिसतो. ‘१०० टक्के हेट’ म्हणजे आईबापांपैकी एक स्वतः तो मॉर्फ होता, त्यामुळे जनुक पिल्लात नक्की आला. दोघंही हेट असतील तर साध्या दिसणाऱ्या दर तीन पिल्लांत सरासरी दोन वाहक निघतात, म्हणून ‘६६ टक्के’. एक हेट, एक साधा, तर ‘५० टक्के’. ६६ टक्क्यांचा अर्थ त्या पिल्लात दोन तृतीयांश जनुक आहे असा नव्हे. एक तर आहे, नाही तर नाही. तू लॉटरीचं तिकीट घेतोयस आणि तिकीट खरं असल्याची ग्वाही फक्त विकणारा देतोय. म्हणून आईबापांचे फोटो आणि नोंदी माग. काही मॉर्फसाठी आता कातेवरून जनुक-चाचणी होते, तिचा अहवाल असेल तर उत्तमच. अॅक्झँथिक, म्हणजे पिवळा रंग नसलेला करडा मॉर्फ, घेताना वंश कोणता तेही विचार. वेगवेगळ्या वंशांच्या दोन अॅक्झँथिकांची जोडी लावलीस तर पिल्लं साधी दिसणारी निघू शकतात.

‘स्पायडर’ मॉर्फ मात्र घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. ती नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबर आतल्या कानाची बिघडलेली रचना येते. डोकं डगमगतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो, कधी साप उलटा पडतो. आपल्याकडे साप डोलला की माणसं खूश होतात, पण हे डोलणं व्यंगाचं आहे. ‘हा अगदी कमी डोलतो हो,’ असं विक्रेता म्हणेल. आज कमी असेल, ताण आला की वाढतं. शॅम्पेन मॉर्फमध्येही हीच तक्रार आढळते. सुपर सिनॅमनमध्ये पाठीचा कणा वाकडा निघण्याचा धोका असतो. डेझर्टच्या माद्यांना अंडी घालताना जीवघेणी अडचण येते. मुळात असे साप पैदाच का करावेत, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. पिल्लू सलग चार-पाच वेळा खाल्लेलं असावं, तेही गोठवून वितळवलेला उंदीर. खवल्यांखाली, डोळ्यांभोवती गोचिडं बघ. श्वास घेताना शिट्टी किंवा बुडबुडे आले तर डबा परत ठेव. ‘बंदिवासात उबवलेला’ आणि ‘बंदिवासात पैदा केलेला’ यांत फरक आहे: पहिल्याची आई रानातून धरलेली गाभण मादी असू शकते. आणि भाडेकरारात सापाला परवानगी आहे ना, हे आधी वाच.

पुण्याच्या तुझ्या भावाने ‘येताना एक घेऊन ये’ म्हटलंय, ते मनातूनही काढून टाक. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी भारतात बाळगायला नोंदणी लागते. मुंबई विमानतळावर बँकॉकहून सामानात लपवून आणलेले बॉल पायथन पकडले गेले आहेत. आपला देशी अजगर घरात ठेवणं तर गुन्हाच.

एखादं पिल्लू पसंत पडलं की पैसे देण्याआधी त्याच्या आईबापांचे फोटो मला पाठव. शनिवारी फोन जवळच ठेवतो.

तुझा,
काका