सुट्टीत बाहेरगावी जाताना परसातील कोंबड्यांची सोपी सोय कशी करावी?

नागपुरात अंगणात सहा कोंबड्या आहेत आणि आठवडाभर बाहेर जायचे आहे, तर शेजाऱ्यांवर फारसा भार न टाकता काय करावे, असे आपण विचारले आहे.

खाद्याची काळजी सर्वांत कमी करावी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना आठवड्याला सुमारे पाच किलो पुरते आणि ते टांगत्या फीडरमध्ये आधीच भरून ठेवता येते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. त्यामुळे पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात तिचे पाणी पिणे दुपटीने वाढते आणि एकच भांडे दुपारी उलटले तरी जीव जाऊ शकतो. म्हणून निपल (चोचीने दाबताच पाणी देणारी छोटी तोटी) बसवलेली झाकणाची बादली आणि एक जड मातीचे भांडे, अशी दोन स्वतंत्र सोय सावलीत करावी. तरीही मे महिन्यात कोंबड्या एखाद्या परिचिताच्या घरी ठेवणेच मला योग्य वाटते.

इतर ऋतूंत शेजारच्या काकूंना दिवसातून एकदा, शक्यतो अंधार पडताना, यायला सांगावे; कारण त्या वेळी कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात आणि मोजून कडी लावली की रात्री मांजराची भीती राहत नाही. त्या दिवसांतली अंडी त्यांनीच ठेवावीत, हे आवर्जून सांगावे. जाण्यापूर्वी मात्र खुराड्याची जाळी स्वतः तपासावी.