सीएसएम बंद केलं आणि पीसी विंडोजमध्ये जाईचना

प्रश्न: सर, विंडोज ११ टाकायचं म्हणून बायोसमध्ये (पीसी चालू होताना आधी चालणारी सेटिंग) जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) डिसेबल केलं, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू केलं, सेव्ह केलं. आता पीसी चालू केला की परत परत बायोसच उघडतं. हार्डडिस्क गेली का? त्यात मुलीचे सगळे फोटो आहेत हो.

उत्तर: ताई, आधी घाबरणं थांबवा, फोटो जागेवरच असणार. तुमचं विंडोज बहुतेक जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत) डिस्कवर टाकलेलं आहे आणि सीएसएम बंद केलं की बायोस फक्त युईएफआयवालं, म्हणजे नव्या पद्धतीचं, बूट शोधतं, ते त्याला सापडत नाही म्हणून तिथेच अडकतं. सिक्युअर बूट बंद करा, सीएसएम परत एनेबल करा, एफ१० दाबून सेव्ह करा, विंडोज येईल. दुकानदार फॉरमॅट करू म्हणाला तर अजिबात करू देऊ नका!

मग फोटोंचा बॅकअप घ्या, हे आधी. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स टॅब, तिथे एमबीआर लिहिलेलं दिसेल. विंडोज १० मध्येच (आवृत्ती १७०३ आणि पुढे) एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, ते डेटा न उडवता डिस्क जीपीटी, म्हणजे युईएफआयला लागणाऱ्या नव्या पद्धतीची, करतं, फक्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) तीनपेक्षा जास्त नकोत. ते झालं की मग सीएसएम बंद करा.

आणि सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच काळी राहिली, असं जुन्या ग्राफिक कार्डवर होतं, तर प्लग काढून मदरबोर्डवरचा २०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळपदावर येतं.