कॉलेज प्लेअरना पगार सुरू झालाय, म्हणून मुलाला अमेरिकेत पाठवायचंय?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा १६ वर्षांचा आहे, आयटा (भारतातल्या) आणि आयटीएफ (आंतरराष्ट्रीय) ज्युनिअर टूर्नामेंट खेळतो, बारावीनंतर अमेरिकेत कॉलेज टेनिसला पाठवायचंय आणि आता तिकडे प्लेअरना पगार मिळतो म्हणतात तर खर्च निघेल का. मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे, कॉलेज टेनिस मनापासून फॉलो करतो, म्हणून सविस्तरच लिहितो.

पगाराच्या भरवशावर अजिबात येऊ नका. स्कॉलरशिपसाठी या, ती खरी आहे.

झालंय काय, तर जुलै २०२१ पासून प्लेअरला स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून पैसे कमवायला परवानगी मिळाली, त्याला इथे एनआयएल म्हणतात. मग प्लेअरनी कॉलेज खेळांची संघटना एनसीएएविरुद्ध केलेल्या हाऊस केसचं सेटलमेंट, म्हणजे तडजोड, जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलं आणि जुलैपासून कॉलेज स्वतःच प्लेअरना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. आकडा ऐकून डोळे दिपतात पण हा पैसा जातो कुठे ते बघा. बऱ्याच मोठ्या कॉलेजांत साधारण ७५ टक्के (अमेरिकन) फुटबॉल, १५ टक्के मुलांचं बास्केटबॉल, ५ टक्के मुलींचं बास्केटबॉल, आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे खेळ असं गणित असतं. टेनिस त्या शेवटच्या ५ टक्क्यांत, तेही मिळालं तर.

दुसरं म्हणजे व्हिसा. तुमचा मुलगा एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर येणार, त्यावर कॅम्पसवरचं काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास आणि बाहेरची कमाई जवळपास बंद. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा, इतका मोठा स्टार, तरी २०२२ मध्ये टीम बहामाजला गेली तेव्हा अमेरिकेबाहेर आहोत तोवर त्याने एनआयएलची कामं उरकून घेतली. कोच फोनवर काहीही म्हणू दे, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी आल्याशिवाय एका डॉलरलाही हात लावायचा नाही, व्हिसा गेला तर शिक्षण, खेळ सगळंच जाईल.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पैसे देण्यामुळे कॉलेजाकॉलेजांमधली स्पर्धा बदलतेय आणि तुमच्या मुलाला कुठे जागा मिळेल हे त्यावरच ठरणार आहे. आधी नियम असा होता की मुलांच्या टेनिस टीमला पूर्ण स्कॉलरशिप फक्त साडेचार, त्या कोच सात-आठ जणांत वाटायचा. त्यामुळे श्रीमंत कॉलेजलाही सगळे चांगले प्लेअर घेऊन ठेवता यायचे नाहीत आणि मधल्या कॉलेजांना चांगली परदेशी मुलं मिळायची. आता सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजला ती मर्यादा नाही, टीम १० जणांची आणि दहाच्या दहा जणांना फुल स्कॉलरशिप देता येते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते देतील, बाकीचे साडेचारही पूर्ण देत नव्हते ते दहा कुठून देणार? पगारापेक्षा ह्या एका बदलाने टेनिसमधला समतोल जास्त हलणार आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण प्लेअरना पैसे मिळायलाच हवे होते पण त्याची किंमत छोट्या कॉलेजांनी आणि छोट्या खेळांनी का मोजायची?

आणि ते मोजतायत. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये स्विमिंग बंद केलं, कारणांत हे सेटलमेंटही सांगितलं. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस त्याच महिन्यात बास्केटबॉलच्या नॅशनल टूर्नामेंटमध्ये खेळलं आणि काही दिवसांत सगळ्यात वरची डिव्हिजन १ सोडून डिव्हिजन ३ मध्ये जायचं जाहीर केलं, जिथे स्पोर्ट्स स्कॉलरशिपच नसते. त्या टूर्नामेंटमध्ये शेवटच्या १६ मध्ये सगळ्या टीम चार श्रीमंत कॉन्फरन्सच्याच (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) होत्या, एकही छोटं कॉलेज नाही.

पण उलटंही होतं. प्लेअरला कॉलेज बदलणं, म्हणजे ट्रान्सफर, सोपं झाल्यामुळे फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाशी असलेलं व्हँडरबिल्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये नंबर १ अलाबामाला हरवतं, तेही न्यू मेक्सिको स्टेटमधून आलेल्या क्वार्टरबॅकच्या (टीमचा मुख्य प्लेअर) जोरावर. म्हणजे श्रीमंत कॉन्फरन्सच्या आत अंतर कमी होतंय आणि बाहेरच्यांशी वाढतंय. शिवाय छोटी कॉलेजं प्लेअर घडवतात आणि मोठी घेऊन जातात. कॉलेजसाठी हे वाईट, पण प्लेअरला रस्ता उघडतो. आपला टेनिसपटू दक्षिणेश्वर सुरेश आधी जॉर्जिया ग्विनेटसारख्या छोट्या कॉलेजात होता, तिथून वेक फॉरेस्टला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस कपला स्वित्झर्लंडविरुद्ध भारताकडून जिंकला. महाराष्ट्रातलेच बघायचे तर पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळलाय, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला.

म्हणून कॉलेजच्या नावाला भुलू नका. कोचला सरळ विचारा, तुमचं कॉलेज सेटलमेंटमध्ये आहे का, टेनिसला प्रत्यक्षात किती स्कॉलरशिपचे पैसे आहेत, माझ्या मुलाला त्यातले किती टक्के, ट्यूशनसोबत राहणं-जेवण धरून का. सेटलमेंटमधल्या कॉलेजांत टीम १० ची झाल्यामुळे अकरावा, बारावा म्हणून घेऊन ठेवायची सोयही गेली, तर तो लाइनअपमध्ये कितव्या नंबरवर दिसतो तेही विचारा. आणि टेनिस बंद करायचा विचार चाललाय का हे विचारायला लाजू नका, उत्तर गोलमोल आलं तर पुढचं कॉलेज बघा. डिव्हिजन २ आणि एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) लिस्टमध्ये ठेवाच, तिथे अर्धवट स्कॉलरशिप आणि अभ्यासाची स्कॉलरशिप एकत्र करून बऱ्याच जणांचं भागतं, त्यामुळे मार्कांकडे दुर्लक्ष नको. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी कॉलेजं, स्पोर्ट्स स्कॉलरशिप देतच नाही, तिथे घरच्या उत्पन्नावर मदत मिळते.

बारावीनंतर एक-दोन वर्षं नुसत्या टूर्नामेंट खेळत राहायचा प्लॅन असेल तर आधी एलिजिबिलिटीचे नियम तपासा, त्यात कॉलेजचं खेळायचं वर्ष कमी होऊ शकतं. कॉलेज पक्कं करायचं पूर्वीचं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, २०२४ मध्ये बंद झालं, आता स्कॉलरशिपचा करारच काय तो महत्त्वाचा कागद. तो एका वर्षाचा आहे की चार, आणि दुखापत झाली तर काय, हे वाचूनच सही करा. मुलाचं यूटीआर रेटिंग (टेनिसची लेव्हल दाखवणारा आकडा) आणि दहावीचे मार्क कळवा, मग कुठल्या लेव्हलच्या कॉलेजांना मेल टाकायचे ते सांगतो.