'कॉन ब्रिओ' मधल्या 'ब्रिओ' चा अर्थ काय, आणि हा शब्द आला कुठून?

'ब्रिओ' म्हणजे जोम, तडफ, अंगात सळसळणारं चैतन्य. 'कॉन' म्हणजे 'सह', म्हणून स्वरलिपीवर 'कॉन ब्रिओ' लिहिलेलं दिसलं की तो भाग जोशात वाजवायचा. शब्द इटालियन आहे, पण त्याचं मूळ इटलीतलं नाही. तो इटालियनमध्ये स्पॅनिश 'ब्रीओ' वरून आला असं बहुतेक कोश मानतात, काही जण दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या प्रोव्हान्साल भाषेतल्या 'ब्रिउ' कडे बोट दाखवतात. दोन्ही वाटा शेवटी पोचतात त्या केल्टिक भाषांपाशी. तिथे या धातूचा अर्थ 'बळ', आणि जुन्या आयरिशमधला 'ब्रीग' (सामर्थ्य) हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे मुळात नुसती ताकद, आणि इटालियनमध्ये येईपर्यंत तिला खेळकरपणा आणि रुबाब चढला. मला हा प्रवास फार सुंदर वाटतो. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात गेला आणि पुढे लेखनशैली, अभिनय, वक्तृत्व यांच्याबद्दलही वापरला जाऊ लागला.

एक मात्र लक्षात ठेवा: 'कॉन ब्रिओ' म्हणजे 'जलद' नव्हे. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा (१८०८) पहिला भाग 'अलेग्रो कॉन ब्रिओ' आहे. तिथे गती सांगतो तो 'अलेग्रो' (जलद), 'ब्रिओ' सांगतो ती वाजवण्यातली धग. मराठीत एकच शब्द हवा असेल तर मी 'तडफ' निवडेन, 'उत्साह' त्यामानाने फार मवाळ आहे.