मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा रद्द करून नवा करायला हवा का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजांच्या काळातला कायदा आजच्या मुंबईला कसा पुरणार, आणि तो सरळ मोडीत का काढत नाहीत. माझं मत असं की अख्खा कायदा मोडीत काढू नये. पण त्यातलं कलम ६४ बदलल्याशिवाय बाकी कितीही दुरुस्त्या केल्या तरी फारसा फरक पडणार नाही. मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायदा जुना आहे, पण पडून राहिलेला नाही. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्यात आणि तो रोज वापरात आहे. मोडकळीला आलेल्या इमारतीला येणारी ३५४ ची नोटीस, बेकायदा बांधकामावरची ३५१ ची नोटीस याच कायद्यातली. पाणी, मलनिस्सारण, सफाई ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं कलम ६१ मध्ये आहेत. ती इतकी स्पष्ट लिहिली आहेत की नागरिक त्यांवर बोट ठेवून जाब विचारू शकतो. नव्याच्या नादात हे गमावू नये.

आता कलम ६४. त्याचं एक पोटकलम म्हणतं की शहराचा कारभार महानगरपालिकेकडे, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाकडे आहे. त्याच कलमातलं आणखी एक पोटकलम म्हणतं की अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्तांकडे. जिथे कायद्याने सांगितलं असेल तिथे त्यांनी सभागृहाची किंवा स्थायी समितीची मंजुरी घ्यायची. आणि कलम ५४ प्रमाणे आयुक्त नेमतं कोण? राज्य सरकार.

ही रचना इंग्रजांनी लादली असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हा मुंबईतले वकील आणि पुढारी फिरोजशहा मेहतांनी जाहीरपणे मांडलं की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या मंडळाचा अंकुश हवा. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचं मंडळ आलं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याच्या वेळी कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या मंडळाच्या अधिकारांसाठी झगडले. परक्या सरकारच्या काळात, मूठभर करदात्यांच्या मतदानावर उभी राहिलेली ही तडजोड त्या वेळी मोठी कमाई होती. आजही कायद्यात सोय आहे की एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्तांना जावं लागतं. अंकुश आहे, पण लगाम सभागृहाच्या हातात नाही.

याचा परिणाम काय होतो? महापौरांची मुदत अडीच वर्षं, पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीने ठरतं, आणि कार्यकारी अधिकार जवळपास नाहीत. तुमच्या गल्लीतला रस्ता खचला तर तुम्ही मत दिलेला माणूस पत्र लिहितो, आणि ज्याच्या सहीने काम होतं त्याला तुम्ही मत दिलेलं नसतं. मला ही गोष्ट फार खुपते. लोकशाहीत चुकलेल्या माणसाला घरी बसवता आलं पाहिजे.

१९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषद आणली होती, म्हणजे महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे कार्यकारी अधिकार. १९९९ मध्ये ती गुंडाळली. परिषदेबाहेरच्या नगरसेवकांना काही कामच उरलं नाही आणि निर्णय बंद दाराआड होतात, हा आक्षेप रास्त होता. पण त्याला उपाय होता: सगळ्या बैठका खुल्या ठेवायच्या आणि स्थायी समितीला हिशेब तपासायचा खरा अधिकार द्यायचा. एका वर्षात प्रयोग मोडणं हा उपाय नव्हे.

दुसरा बदल मला निवडणुकीबद्दल हवा आहे. पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक घ्या असं संविधान सांगतं (अनुच्छेद २४३ यू). तरी मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ सभागृहाच्या जागी आयुक्तच प्रशासक राहिले. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा! मेहतांनी मागितलेला अंकुश त्या काळात कायद्यातच विरून गेला. प्रशासकाला नवी मोठी कंत्राटं आणि धोरणं ठरवता येणार नाहीत, फक्त रोजचा कारभार, अशी मर्यादा कायद्यातच हवी.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, पालिकेच्या हक्काची होती. ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. निर्णय राज्याचा, तूट पालिकेची. माफी चांगली की वाईट हा वेगळा वाद. पण शहराच्या कराचा निर्णय शहराच्या सभागृहाने घ्यायला हवा होता.

हे बदलणार कोण, हा खरा अवघड भाग. न्यूयॉर्कमध्ये सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, सुधारायला आयोग बसतो आणि त्याच्या शिफारशी थेट मतदारांपुढे जातात. १९८९ मध्ये तिथल्या नागरिकांनी मत देऊन शहराची सत्तारचना बदलली. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे दुरुस्ती विधिमंडळच करू शकतं. १९९३ पासून लागू असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ विषयांची यादी दिली, पण त्यातलं काय आणि किती द्यायचं हे राज्यावर सोडलं. आणि जे अधिकार सोडायचे ते आज राज्याच्याच नगरविकास खात्याकडे आहेत. कोणत्याही पक्षाचं सरकार आलं तरी म्हणूनच हा विषय मागे पडतो.

तेव्हा नगरसेवकाइतकंच आमदारालाही धरा. मत मागायला आले की विचारा, कलम ५४ आणि ६४ बदलायला तुम्ही अशासकीय विधेयक (सरकारने नव्हे, आमदाराने स्वतः मांडलेलं) मांडाल का? कायदा ऑनलाइन वाचायला मिळतो. पहिल्या पानापासून सुरू केलात तर कंटाळाल. आधी ६१ ते ६४ वाचा, मग ५४.