कूलरचा नाही, झडीचा हिशेब आधी करा

भाऊ, तुम्ही नागपूरजवळ कळमेश्वरच्या पुढे दोन एकर घेतले, विजेचा खांब किलोमीटरभर लांब. म्हणून घरचा जुना इन्व्हर्टर, 150 एएचच्या दोन बॅटऱ्या आणि सेकंडहँड साडेसात केव्हीएचा डिझेल जनरेटर घेऊन तिकडेच राहायला जायचं म्हणता. वर विचारता, रात्रभर कूलर चालेल ना? आठवडाभर चालेल. मग बॅटऱ्या बसतील.

मी उमरेडकडे शेतातल्या घरात सहा वर्षांपासून लाइनीशिवाय, सोलरवर राहतो. तुमचा हिशेब असा होतो: दोन बॅटऱ्यांत (12 व्होल्ट × 150 एएच × 2) कागदावर 3.6 युनिट. लेड ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी 1.8. मोठा डेझर्ट कूलर पंपासकट 200 वॅट धरला तरी आठ तासांत 1.6 युनिट. संपलं. फ्रिज, पंखे, दिवे अजून बाकीच आहेत. आणि इन्व्हर्टर स्वतः किती खातो हे कोणी धरतच नाही. माझा 5 केव्हीएचा काहीही न लावता 50 वॅट घेतो, म्हणजे दिवसाचं सव्वा युनिट नुसतं चालू राहण्यापायी.

उन्हाळ्याची भीती सगळेच घालतात. सोलर पॅनेल तापलं की उत्पादन घटतं हे खरं, 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के, पण ऊन एवढं असतं की दिवसा वीज उरते. उन्हाळ्यात मरते ती बॅटरी. पहिल्या वर्षी मी चार ट्यूबलर बॅटऱ्या टिनाच्या खोलीत ठेवल्या होत्या. नवतपात (मे-अखेरचे नऊ कडक दिवस) एक दिवस सडक्या अंड्यासारखा वास आला. जाऊन पाहतो तर एका बॅटरीला हात लावून ठेवता येत नव्हता, आणि दोघींचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पार तळाशी. महिनाभर डिस्टिल्ड वॉटर पाहिलंच नव्हतं, प्लेटा उघड्या पडलेल्या. चूक माझीच. दोन्ही भंगारात गेल्या, आणि जुन्या-नव्या एकत्र जोडायच्या नसतात म्हणून उरलेल्या दोघीही काढाव्या लागल्या. आता बॅटऱ्या उत्तरेच्या, कौलाखालच्या खोलीत आहेत, जाळीची खिडकी ठेवून. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे, आणि आपल्याकडे टिनाखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

खरी परीक्षा ऑगस्टात. झड लागली की तीन-तीन, चार-चार दिवस ऊन नाही. माझी 3 किलोवॅटची पॅनेलं एरवी 12 युनिट देतात, झडीत तीनही कठीण. जनरेटर घ्यायचा तो या दिवसांसाठी, आणि लोक चुकतात ते इथेच: रात्री एक पंखा, दोन दिवे यासाठी तो भकभक चालवत ठेवतात. डिझेल इंजिनाला इतका कमी लोड सोसत नाही. डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं.

मी पहाटे दोन तास चालवतो. रात्रभर वापरून बॅटरी सगळ्यात रिकामी तेव्हाच असते, आणि रिकामी बॅटरी पूर्ण करंट घेते. शेवटचा वीसेक टक्के भाग ती हळूहळू घेते, तासन् तास. तो सूर्यावर सोडायचा, ढगाळ उजेडही थोडंफार देतो. त्याच दोन तासांत बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, आटाचक्की उरकून घ्यायची. माझ्या चार बॅटऱ्यांचं 15 ॲम्पियरचं चार्जिंग जेमतेम किलोवॅटभर होतं, म्हणून हा बाकीचा लोड लागतोच. तुमच्या दोघी तर त्याच्या निम्मंच घेतील, मग साडेसात केव्हीएचा कशाला? 5 चा पुरे.

जुना जनरेटर जोडला की इन्व्हर्टर टिक-टिक करून त्याची वीज घेतो-सोडतो, असं बऱ्याचदा होतं. माझ्याकडेही झालं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवरून वाइडवर (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी चालवून घेणारा मोड) केलं, चार्जिंग करंट कमी केला आणि मेकॅनिककडून लोड नसताना 52 हर्ट्झ येईल असा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) लावून घेतला. लोड आला की तो पन्नासपाशी बसतो.

आणि जनरेटर खोलीत, पडवीत, खिडकीखाली कुठेच नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतल्या माणसाला कळत नाही. चेंजओव्हर (जनरेटरवर वीज फिरवायचा स्विच) न्यूट्रलसकट तोडणारा घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा, काळी माती फाटली की रॉड मातीला धरत नाही.

बोअरची मोटर किती एचपीची ते लिहिलं नाही तुम्ही. एक एचपीची सबमर्सिबलसुद्धा सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, घरचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होईल. मोटरच्या पॅनेल बॉक्सवरच्या पट्टीचा फोटो टाका, मग इन्व्हर्टर किती केव्हीएचा घ्यायचा ते सांगतो.